दुसरीच्या पोरांचा सदतीस-सदुसष्टचा घोळ कसा सोडवायचा

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे, म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता आणि दिवसभर "मॅडम हा मला चिमटा काढतोय". दरवर्षी जूनमध्ये दुसरीत आलेली पोरं एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवतात, पालक खूश, पण मधेच थांबवून "चोपन्न लिही" म्हटलं की बोटं मोजत परत एकपासून गाडी सुरू. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण यावर एकच औषध देत होते, घरून दहा वेळा एक ते शंभर लिहून आणा. वह्या भरल्या, काही पोरं तर आधी सगळे दशक उभे लिहून घ्यायची आणि मग शेजारी एकक भरत जायची, वाचायचं कामच नाही! म्हणून आता काय करते ते सांगते.

आधी हे लक्षात घ्या की पोरगं ढ नाहीये, भाषाच तशी आहे. बत्तीस म्हणताना कानावर आधी दोन पडतो आणि मग तीस, लिहिताना मात्र तीन आधी, मग पोरगं जसं ऐकलं तसं लिहितं, २३. त्यावर लाल फुली मारली तर त्याला कळतच नाही आपलं काय चुकलं, कारण त्याने नीटच ऐकलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, व्हॉट्सअॅपवर नुसते विनोद. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच सांगत होत्या, की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा आहे आणि त्यात जोडाक्षरं जड. मला विचाराल तर मी दोन्ही वापरते. काड्या हातात असताना "तीस दोन", आणि लगेच "म्हणजे बत्तीस". बाजारात पोराला बत्तीसच ऐकू येणार आहे, ते टाळून चालत नाही.

सामान एकदम साधं. एक जुना खराटा सोडवा, काड्या सारख्या मापाच्या कापा, टोकं घासून घ्या, आणि रबरबँड आणा, जरा जाड आणा, बारीक असले की पोरं मनगटात घालून घरी नेतात. चिंचोके मी बंद केले, पहिलीतल्या एकाने नाकात घातला होता आणि अर्धी शाळा त्याला शिंकायला लावत बसली होती (निघाला, पण माझा जीव गेला). शिवाय शंभर मण्यांची माळ करा, दहा लाल दहा पांढरे, परत दहा लाल दहा पांढरे अशी, आणि ती खिडकीपासून खिडकीपर्यंत पोरांच्या हाताला येईल अशी बांधा. कपडे वाळत घालायचा एक चिमटा लागतो, बस.

आता रोजचं काम. परिपाठ झाला की आत येताना प्रत्येकाने डब्यात एक काडी टाकायची, हीच हजेरी. दुसरीतलं एक पोरगं काड्या मोजतं, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. पहिली-दुसरी मिळून माझा पट तेवीस. परवा एक गठ्ठा झाला आणि नऊ सुट्या उरल्या, पोरगी रबर हातात धरून बसून राहिली, लावेना. विचारलं काय झालं, तर म्हणे "एक कमी पडतेय". मी म्हटलं हेच तर एकोणीस, विसाला एक कमी! एवढ्यात पहिलीतला एक उशिरा आला, काडी टाकली, आणि तिने असा काही आनंदाने रबर लावला की बास. एकोण म्हणजे एक कमी हे फळ्यावर लिहून मी कितीदा शिकवलं असेल, पण ते तिच्या डोक्यात बसलं त्या थांबलेल्या रबराने.

मग तोच आकडा माळेवर चिमटा लावून दाखवायचा, आणि मग खिचडीसाठी मावशींना सांगायला एक जण पळतो. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ, त्यामुळे सगळ्या शाळेत ३४ पोरं असली की ३ किलो ४०० ग्रॅम, ते गणित तिसरी-चौथीवाल्यांचं, पण माझी पोरं कान टवकारून ऐकतात कारण आकडा आपण दिलेला असतो.

उलट्या क्रमाचं कोडं माझ्याकडे सुटलं ते हजेरीपटामुळे. एकदा नावं पुकारताना एकाने विचारलं, मॅडम तुम्ही माझं आडनाव आधी का म्हणता? आणि माझी ट्यूब पेटली. हाक मारताना नाव आधी आणि आडनाव मागून, पटावर लिहिताना आडनाव आधी! संख्येचं तेच. बत्तीस ही हाक आहे, नाव दोन, आडनाव तीस, आणि लिहायचं पटावरच्यासारखं, आडनाव आधी. तेव्हापासून कोणी २३ लिहिलं की मी फक्त विचारते "आडनाव काय रे याचं?" आणि पोरगं स्वतःच खोडून ३२ करतं.

यात एक गोम आहे, काही घरांची आडनावं बदललेली आहेत. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी आपलं आडनाव नीट लावतात. पण पन्नासचं होतं वन्न नाहीतर पन्न, साठचं सष्ट, सत्तरचं हत्तर, नव्वदचं ण्णव. ही चारच पाठ करायची. म्हणून शिकवताना एकवीसपासून सरळ नव्याण्णवपर्यंत जाऊ नका, आधी दहा वीस तीस असे नुसते दशक, मग चाळीसचं घर आणि ऐंशीचं घर कारण आवाज स्पष्ट, मग वीस-तीस, आणि मग ही चार. एकोणवाले सगळ्यात शेवटी. अकरा ते अठरा यांना आडनावच नाही, ते तसेच पाठ, आणि बहुतेकांना येतातच.

सदतीस आणि सदुसष्टसाठी एक खेळ. मी फक्त शेपूट म्हणते, "...सष्ट!", पोरांनी सहा गठ्ठे उचलायचे. "...तीस!", तीन गठ्ठे. आठ दिवस नुसतं हेच, एकक नाहीच. मग पूर्ण म्हणायचं, सदुसष्ट, तर सहा गठ्ठे आधीच हातात आलेले असतात आणि सात सुट्या शोधणं सोपं जातं. सदतीस, सदुसष्ट, अडतीस, अडुसष्ट असे जोडीजोडीने घ्या, जाम हसतात पोरं. या वेळी पहिलीला रिकामं ठेवू नका नाहीतर संपलंच, त्यांना दहा-दहाचे गठ्ठे बांधायला बसवा, तुमचंही काम होतं.

एकोणचं माळेवर करा. चिमटा साठवर, एक मणी मागे, एकोणसाठ. सत्तरवर, एक मागे, एकोणसत्तर. असं करत शंभरला आलो की कोणीतरी म्हणणारच "एकोणशंभर"! दरवर्षी म्हणतात. चूक म्हणू नका, शाबासकी द्या, डोकं चाललंय त्याचं. मग सांगा की नव्याण्णव हा एकटाच शहाणा, स्वतःचं नाव नव आणि आडनाव ण्णव लावतो.

हे जमलं की वजाबाकी जवळजवळ फुकट मिळते. ५२ मधून २७ द्यायचे, पाच गठ्ठे दोन सुट्या, सात सुट्या कुठून देणार? थांबा, तुम्ही बोलू नका, अजिबात. पोरगं एकदा गठ्ठ्याकडे बघतं, एकदा तुमच्याकडे, आणि रबर काढतं. आता सुट्या बारा, सात दिल्या, पाच उरल्या, मग दोन गठ्ठे दिले, उरले दोन गठ्ठे पाच सुट्या. पंचवीस. हातचा, उसना हे शब्द मी नंतर कधीतरी काढते, आधी "गठ्ठा सोडला" एवढंच.

शाळा सुटायच्या आधी सगळे गठ्ठे परत बांधून घ्या आणि दोन पोरांना तपासायला लावा, रोज, कंटाळा न करता, कारण एखादा गठ्ठा नऊचा निघतोच, आणि तो दुसऱ्या दिवशी नेमका अशा पोराच्या हातात जातो ज्याला नुकतंच जमायला लागलेलं असतं.