शाळेत मुलांची नजर तपासताना डोळा नीट झाका

शाळा सुरू झाली की कुठली ना कुठली संस्था नेत्रतपासणी शिबिर घ्यायला येते. भिंतीला तक्ता लावतात, पोरांची रांग लावतात, ‘एक डोळा झाक, वाच’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेपुढे ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. अशा तपासणीतून हमखास सुटतं ते एकच डोळा अधू असलेलं मूल.

दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणारं मूल बाईंच्या लक्षात येतं. ते पुढच्या बाकावर सरकतं, वही नाकाशी धरतं, शेजाऱ्याचं बघून लिहितं. एक डोळा चांगला असलेलं मूल मात्र क्रिकेट खेळतं, सायकल चालवतं, फळा वाचतं. दुसऱ्या डोळ्याने दिसत नाही हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्या डोळ्याकडून येणारं अंधुक चित्र मेंदू बाजूला सारायला शिकतो आणि वर्षं जातील तशी ही सवय पक्की होते. यालाच आळशी डोळा किंवा मंददृष्टी म्हणतात. मग नंबरचा चष्मा लावला तरी त्या डोळ्याला लगेच नीट दिसत नाही. लहानपणी सापडला तर बहुतेकदा सुधारतो, पण सापडायला हवा. आणि तो सापडतो फक्त चांगला डोळा पुरता झाकल्यावर.

मी वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून हे काम करते आहे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शिबिर घेणारी मंडळं आणि घरी तपासू पाहणारे आईवडील, सगळ्यांना हे जमतं. डॉक्टर असण्याची गरज नाही.

तक्ता आणि जागा

उघड्या तोंडाच्या इंग्रजी ‘ई’चा (E) तक्ता घ्या, ज्यात प्रत्येक ‘ई’चं तोंड वेगवेगळ्या दिशेला असतं. अक्षरओळख लागत नाही. तोंड कुठे आहे ते मूल बोटांनी दाखवतं. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ छापून वापरणार असाल तर आधी पट्टी घेऊन मोजा, कारण छपाईत आकार बदलतो. ओळींशेजारचे आकडे असे वाचा: ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून वाचता येणारं अक्षर ६ मीटरवरून वाचणं. ६ मीटरच्या तक्त्यावर ६/६० चं अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंच हवं, ६/१२ चं साडेसतरा आणि ६/९ चं १३. यात बसत नसेल तो कागद फेकून द्या. वर्ग लहान असेल तर ३ मीटरसाठी बनवलेला तक्ताच आणा. ६ मीटरचा तक्ता ३ मीटरवर लावला तर अक्षर दुप्पट मोठं दिसतं आणि नंबर असलेली मुलंही पास होतात.

अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. खडूने रेघ मारा. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर, तक्त्यामागे खिडकी नको. बाकीची मुलं वर्गाबाहेर, कारण आत असली की उत्तरं कुजबुजतात आणि रांगेतली पुढची पोरं तक्ता पाठ करतात. ज्यांना चष्मा आहे त्यांची तपासणी चष्मा लावूनच. तो दप्तरात असेल तर बाहेर काढून घालायला लावा.

डोळा झाकणं

सगळं काम इथे आहे. हा टप्पा हातात बसेपर्यंत मलाही फार झगडावं लागलं.

पहिला नियम: मुलाला स्वतःच्या हाताने डोळा झाकू देऊ नका. बोटांत फटी राहतात आणि मूल त्यातून बघतं. ‘तळहात ठेव’ म्हणावं तर ते जोरात दाबतं. दाबलेला डोळा उघडल्यावर थोडा वेळ अंधुकच दिसतं आणि पुढची पाळी नेमकी त्याच डोळ्याची असते. म्हणजे अधू डोळ्याचं मूल पास आणि चांगल्या डोळ्याचं नापास, दोन्ही एकाच हाताने.

वहीने किंवा पुठ्ठ्याने झाकलं तरी नाकाकडची फट राहते. मूल हळूच मान वळवतं आणि त्या फटीतून झाकलेल्या डोळ्याने तक्ता वाचतं. याची खूण पक्की आहे: उजवा डोळा झाकल्यावर चेहरा उजवीकडे वळला किंवा डावा झाकल्यावर डावीकडे वळला, तर ते नाकाकडून बघतंय. याला लबाडी म्हणू नका, ओरडू तर अजिबात नका. मुलाला बरोबर उत्तर द्यायचं असतं आणि चांगल्या डोळ्याने बघायची त्याला जन्माची सवय असते. चेहरा सरळ करा, ती ओळ पुन्हा विचारा.

पहिली-दुसरीच्या आणि अंगणवाडीच्या मुलांना मी चिकटपट्टीच लावते. औषधाच्या दुकानात डोळ्याला लावायच्या तयार पट्ट्या मिळतात. नाहीतर गॉजची घडी आणि वर कागदी वैद्यकीय चिकटपट्टी. मोठ्या मुलांसाठी काचा काढलेल्या दोन जुन्या फ्रेम घ्या. एकीची उजवी बाजू जाड काळ्या कागदाने बंद करा, दुसरीची डावी, आणि नाकाकडच्या कडेला स्पंजची पट्टी लावा. ही स्पंजची पट्टी टाळू नका, तिच्याशिवाय फ्रेम म्हणजे महागडा पुठ्ठाच. प्रत्येक मुलानंतर फ्रेम स्पिरिटने पुसा. डोळे आलेल्या मुलाला ती लावूच नका, त्याची तपासणी बरं झाल्यावर करा. चष्मा असलेल्या मुलाच्या काचेमागे घडी केलेला टिश्यू पेपर सरकवा, नाकाला टेकेल असा.

दुसरा नियम: तपासणीला दोन माणसं लागतात. एक तक्त्यापाशी अक्षर दाखवायला, दुसरं मुलाशेजारी उभं. या दुसऱ्याने तक्त्याकडे एकदाही बघायचं नाही, फक्त मुलाच्या चेहऱ्याकडे बघायचं. पट्टी सरकली का, मान वळली का, पापण्या मिचकावून डोळा बारीक केला का. डोळा बारीक केला की त्या फटीतून दूरचं थोडं स्पष्ट दिसतं आणि मायनस नंबरचं, म्हणजे दूरचं अंधुक दिसणारं मूल एखादी ओळ जास्त वाचून जातं. एकटेच असाल तर त्या दिवशी तपासणी करू नका. घरी आई-बाबांनीही हे दोघांनी मिळूनच करावं.

तिसरी गोष्ट जवळजवळ कोणी सांगत नाही. एक डोळा झाकू देणारं आणि दुसरा झाकताच बिथरणारं मूल तुम्हाला उत्तरच देत असतं. पहिलीतली एक मुलगी आठवते. उजव्या डोळ्यावर पट्टी लावली तेव्हा ती हसत होती, बोटं भराभर फिरवत होती. पट्टी डाव्यावर गेली तशी तिने मान झटकली, ‘टोचतंय’ म्हणाली, पट्टीची कड नखाने उचकटली आणि शेवटी बाईंच्या साडीत तोंड लपवलं. ‘मस्तीखोर आहे हो ती,’ बाई म्हणाल्या. पट्टी दोन्हीकडे तीच होती, टोचत असती तर दोन्हीकडे टोचली असती. डावा झाकल्यावर तिच्याकडे जो डोळा उरला त्याने तिला धड दिसत नव्हतं. पुढे रुग्णालयात त्याच उजव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर निघाला. असं वागणाऱ्या मुलाची तपासणी पूर्ण झाली नाही तरी रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी द्याच. ‘सहकार्य केलं नाही’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका.

चौथी गोष्ट पाठांतराची. उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डाव्याच्या वेळी मुलाला तोंडपाठ असते. म्हणून पाच ‘ई’ असलेल्या ओळीचं वेगळं कार्ड ठेवा आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते उलटं धरा. क्रम आणि दिशा दोन्ही बदलतात. काही जण एकच ‘ई’ पुठ्ठ्यावर चिकटवून फिरवत राहतात. ते करू नका. आळशी डोळ्याला सुटं अक्षर बरं ओळखता येतं, तेच अक्षर इतरांच्या गर्दीत आलं की गोंधळ होतो. सुट्या अक्षरावर तपासलंत तर जे मूल पकडायचं तेच पास होईल.

वाचन आणि नोंद

आधी नेहमी उजवा डोळा, मग डावा. पाचपैकी चार दिशा बरोबर आल्या तर ओळ वाचली. कुठल्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ जमली नाही तर चिठ्ठी. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तरी चिठ्ठी. नोंदीत ‘नॉर्मल’ लिहू नका, प्रत्येक डोळ्याचा आकडा लिहा.

तिरळेपणाला तक्त्याची गरज नाही, सरळ पाठवा. तिरळा डोळा नशिबाचा, असं समजावणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांचं ऐकण्यात मुलाची उपचाराची वर्षं जातात. बाहुलीत पांढरट चमक दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. ती डोळ्यातल्या गाठीची खूण असू शकते आणि तिथे जिवाचा प्रश्न असतो. तक्ता नीट वाचूनही सतत डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलालाही पाठवा, कारण लहान मुलं ताण देऊन प्लस नंबर झाकून नेतात.

चिठ्ठीनंतर

दप्तरातली चिठ्ठी दप्तरातच राहते. केनियातल्या ट्रान्स न्झोया भागात शाळांमध्ये झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलाला किती अंधुक दिसतं ते दाखवणारं चित्र पालकांना दिलं आणि मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, तेव्हा ५४ टक्के मुलं पुढच्या तपासणीला पोचली. नुसत्या चिठ्ठीवर पोचली २२ टक्के. मी चित्र देत नाही. आईला किंवा बाबांना शाळेत बोलावते, त्यांच्यासमोर मुलाचा चांगला डोळा नीट झाकते आणि दुसऱ्या डोळ्याने तक्ता वाचायला सांगते. ‘आमच्या पोराला सगळं दिसतं’ हे वाक्य तिथेच थांबतं.

पाठवायचं कुठे? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. तुमची यादी त्यांच्या हातात द्या. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तेव्हा हक्काने मागा. एक अट मात्र सोडू नका: मुलाचा पहिला नंबर डोळ्याचा ताण सोडवणारे थेंब घालूनच काढायचा. शिबिरात यंत्रासमोर बसवून जागीच चष्मा वाटतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. थेंबांशिवाय मुलाचा डोळा जवळचं बघायचा ताण सोडत नाही आणि यंत्र नसलेला मायनस दाखवतं, किंवा असलेला प्लस लपवतं.

मग सल्ले देणारे येतात. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो, कमी नंबरचाच करा.’ मलेशियात हे करून पाहिलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा मायनस जास्त वेगाने वाढला. ‘सात वर्षांनंतर आळशी डोळा सुधारत नाही’ हेही सोडून द्या. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की ७ ते १२ वर्षांच्या बऱ्याच मुलांना उपचाराने फायदा होतो. लवकर केलेलं केव्हाही चांगलं, पण चौथीतल्या मुलाला ‘वय गेलं’ म्हणून परत पाठवणं चूक आहे. २०२४ मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली: महिनोन्महिने नुसत्या चष्म्यावर थांबण्यापेक्षा, अधू डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी लवकर सुरू केलेल्या मुलांना अधिक लाभ झाला. पट्टी किती तास लावायची ते डॉक्टर ठरवतील. पण ‘आधी चष्मा लावून बघू, पुढच्या वर्षी या’ असं सांगितलं गेलं तर पट्टीबद्दल जरूर विचारा.

गाजराने नंबर जात नाही. मायनस नंबर लागूच नये यासाठी शाळेच्या हातात असलेला उपाय म्हणजे मुलांना दिवसाउजेडी बाहेर काढणं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तैवानने तर रोज १२० मिनिटांचा आग्रह धरला आहे. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या मुख्याध्यापकांना हे आकडे दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आगाऊ न कळवता पुन्हा वर्गात जा. चष्मा कोणाच्या नाकावर आहे, कोणाच्या दप्तरात, कोणाचा मोडलाय, ते तेवढ्यात कळतं. मुलींचे चष्मे जास्त करून घरीच राहतात, ‘लग्नाला अडचण’ म्हणून. त्या आयांशी शाळेत नको, घरी जाऊन बोला. पट्टी चालू असलेल्या मुलांचा अधू डोळा त्याच तक्त्यावर, त्याच काळ्या फ्रेमने पुन्हा तपासा आणि जूनच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहून यादी रुग्णालयात पोचवा.