वापरणाऱ्यांना विचारून गाडी घडवताना या चुका टाळा

ग्रामीण विदर्भात चालेल अशी गाडी आखताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे लोकांना उशिरा विचारणे. दोन चाकांमधील अंतर, आसनाची उंची, दाराचे माप आणि उंबरठा एकदा ठरला आणि पत्रा दाबण्याचे साचे तयार झाले, की गावातून आलेली तक्रार कितीही रास्त असली तरी आसनाचे कापड आणि रंग यांपलीकडे फारसे काही बदलता येत नाही. म्हणून मापे कागदावर असतानाच प्लायवुडचा पूर्ण मापाचा सांगाडा करून त्यात खरे आसन बसवावे, तो गावच्या समाजमंदिरात ठेवावा आणि लोकांना त्यात चढू-उतरू द्यावे. उंबरठा दोन इंच खाली घ्यायला तेव्हा करवत पुरते.

दुसरी चूक प्रश्नातच असते. ‘तुम्हाला गाडीत काय हवे?’ असे विचारले, की मायलेज आणि एसी एवढेच उत्तर येते. त्याऐवजी मागच्या बाजाराच्या दिवशी कोण कुठे बसले, सरकीच्या ढेपेचे पोते कुठे ठेवले, फवारणीचा पंप आणि औषधाचा डबा माणसांपासून किती अंतरावर होता, हे विचारावे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीचे उपाध्यक्ष पियेर बुलांजे यांनी १९३०च्या दशकात नव्या गाडीची अपेक्षा अशाच भाषेत मांडली होती: दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बसावेत आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत. युद्धामुळे लांबलेली ती ‘२सीव्ही’ १९४८ मध्ये लोकांसमोर आली. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण तिच्यात ओझे आणि रस्ता आधी येतात, यंत्र नंतर. आपल्याकडे टोपलीच्या जागी संत्र्यांचे क्रेट आणि नांगरटीच्या जागी पावसाळ्यातली पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, धरावी, जिथली काळी चिकण माती चाकांवरच्या कमानीत घट्ट बसते.

सगळ्यांनी ‘चांगली आहे जी’ असे म्हटले, तर चाचणी यशस्वी झाली असे समजू नये. दारी आलेल्या पाहुण्याला त्याच्या वस्तूतले उणे सांगणे आपल्या माणसांना जड जाते. अशा वेळी वेगवेगळ्या मापांचे दोन सांगाडे शेजारी ठेवावेत, आईला दवाखान्यात न्यायला यांतला कोणता घ्याल असे विचारावे आणि मग गप्प राहून माणूस आधारासाठी हात कुठे टाकतो ते पाहावे.

केवळ सरपंच आणि ट्रॅक्टरमालक यांच्याशी बोलून परतणे हीही मोठी चूक आहे. दिवसा बाया निंदणीला किंवा कापूस वेचायला गेलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळी जावे. मजुरी बुडवून कोणी आले, तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. लुगडे नेसलेली, गुडघे दुखणारी आजी आधी पाठमोरी बसते आणि मग पाय आत घेते. स्टिअरिंगला ती कधी हात लावणार नाही, तरी गाडी तिचीही आहे.

एकाच हंगामातली भेट अपुरी असते. जानेवारीत आरामदायी वाटलेले आसन मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उन्हात उभ्या गाडीत पुन्हा तपासावे.

उत्तरे परस्परविरोधी आली, की त्यांची सरासरी काढण्याचा मोह होतो. पांदणीसाठी गाडी जमिनीपासून उंच हवी आणि आजीसाठी आसन खाली हवे. मधले माप घेतले तर गाडीचा तळ धोंड्याला घासतो आणि आजीलाही चढता येत नाही. अशा वेळी उंची तशीच ठेवून दाराशी रुंद पायरी आणि खांबावर पकडायला मूठ बसवावी, आणि तो सांगाडा घेऊन त्याच गावात, त्याच आजीकडे परत जावे.