हेल्मेटवर आदळणारा वारा कमी कसा करावा

मोटरसायकल चालवताना अंगावर येणारा वारा दोन प्रकारचा असतो आणि त्या दोहोंवरचे उपाय पुष्कळदा एकमेकांच्या उलट असतात. म्हणून गाडीच्या पुढे लावायची काच (विंडस्क्रीन) विकत घेण्यापूर्वी आपल्याला नेमका कोणता वारा छळतो आहे, हे ठरवावे. पहिला सरळ वारा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारख्या बिनकाचेच्या गाडीवर तो छातीवर एकसारखा दाब देतो. त्याने हात आणि मान अवघडतात, पण डोके स्थिर राहते. दुसरा फाटलेला वारा. काचेच्या वरच्या कडेवर, आरशांवर किंवा पुढच्या शॉकअपवर (चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर) हवा तुटते आणि नदीतल्या पुलाच्या खांबामागे पाणी गरगरते तसे तिचे भोवरे होतात. हे भोवरे हेल्मेटवर आदळू लागले, की डोके हादरत राहते, रस्त्यावरच्या पाट्या पुसट दिसतात आणि तासाभरात मानेबरोबर कपाळही दुखू लागते. पहिल्या वाऱ्याला आडोसा चालतो. दुसरा वारा मात्र बहुतेक वेळा त्या आडोशातूनच जन्मलेला असतो, आणि उंच काच बसवूनही त्रास वाढल्याची तक्रार इतक्या वेळा ऐकू येते त्याचे कारण हेच आहे.

वेगाचा हिशेबही येथे लक्षात घ्यावा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि येथे वेग म्हणजे मीटरवर दिसणारा वेग नव्हे, तर समोरच्या हवेच्या तुलनेतला वेग. चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. परंतु समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर हेल्मेटला १०० चाच वारा लागतो आणि त्याचा दाब ८० च्या मानाने दीडपटीहून अधिक असतो. काल सुसह्य वाटलेली काच आज असह्य का झाली, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

एक शंका आधी दूर करावी. डोके न हलता हँडलच थरथरत असेल, तर तो वाऱ्याचा दोष समजू नये. टायरमधली हवा, चाकाचे बेअरिंग, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) आणि मागे लादलेले ओझे यांची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी आणि ती होईपर्यंत वेग वाढवू नये.

आता वारा कोठे फाटतो ते शोधावे. त्यासाठी पहाटेची, वारा पडलेली वेळ आणि मोकळा, सरळ रस्ता निवडावा. साताऱ्याहून कराडकडे जाताना असे पट्टे मिळतात. ताशी ७० ते ८० किलोमीटरचा वेग धरून, मागेपुढे वाहन नसताना, दोन्ही हात हँडलवर ठेवून फूटरेस्टवर किंचित उभे राहावे. डोके वर जाताच गडगडाट थांबला आणि सरळ, स्वच्छ वारा लागला, तर काचेच्या कडेवरचे भोवरे आपल्या हेल्मेटच्या उंचीवर येत आहेत असे समजावे. याउलट खाली वाकून डोके काचेच्या आड नेताच शांतता मिळाली, तर भोवरे हेल्मेटच्या वरच्या भागावर येत आहेत. वाकूनही त्रास राहिला, तर हवा खालून, म्हणजे शॉकअप आणि टाकी यांच्यामधून वर चढत असण्याची शक्यता मोठी आहे. अधिक खात्री हवी असल्यास लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे मास्किंग टेपने काचेच्या आतल्या बाजूस, टाकीवर आणि हेल्मेटवर चिकटवावेत आणि शेजारच्या गाडीवर मागे बसलेल्या मित्राला चित्रीकरण करायला सांगावे. धागा मागच्या दिशेला चिकटून राहिला तर तेथील हवा सरळ वाहते. तो गोल फिरला किंवा उलटा पुढे झेपावला तर भोवरा तेथेच आहे. सर्वांत स्वस्त आणि बहुतेकजण टाळतात ती परीक्षा म्हणजे काच पूर्ण काढून एक फेरी मारणे. काचेविना डोके शांत राहिले, तर दोषी कोण हे वेगळे सांगावे लागत नाही.

काचेचा दोष ठरल्यावर उंची, कोन आणि फट या तीन गोष्टींत बदल करता येतो, आणि एका वेळी एकच बदल करावा. उंचीबाबत सर्वसाधारण समज असा, की जितकी उंच तितकी बरी. ते खरे नाही. काच इतकी लहान असावी की भोवरे छातीवर, फार तर खांद्यावर विरावेत आणि डोके स्वच्छ हवेत राहावे. किंवा इतकी उंच असावी की ते डोक्यावरून निघून जावेत. मधली उंची सर्वांत वाईट. उंच काचेची वरची कड नाकाच्या रेषेच्या वर नेऊ नये, कारण पावसात किंवा रात्री समोरच्या दिव्यांच्या उजेडात काचेतून नव्हे, काचेवरून पाहता आले पाहिजे. बजाजने २०२१ साली डॉमिनार ४०० ला कारखान्यातूनच उंच काच द्यायला सुरुवात केली, आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या पहिल्या पिढीची काच स्क्रू काढून दोन उंचींवर बसवता येते. तरीही एकच काच साडेपाच फुटी चालकाला सुखाची आणि सहा फुटी चालकाला छळाची ठरते, म्हणून दुसऱ्याच्या शिफारशीवर काच घेण्यापेक्षा त्याच्या गाडीवर स्वतः बसून पाहणे शहाणपणाचे.

फटीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. काच पुढच्या भागाला घट्ट चिकटून असेल, तर तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. वरून आलेली हवा त्या पोकळीत ओढली जाऊन थेट चालकाच्या तोंडावर कोसळते. काचेच्या खालच्या बाजूने थोडी हवा आत येऊ दिली, की हा दाब भरून निघतो आणि वरचा प्रवाह सरळ राहतो. त्यासाठी मूळ बोल्टऐवजी लांब बोल्ट आणि त्यांत रबरी किंवा नायलॉनचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) घालून काच दोन-तीन सेंटिमीटर पुढे घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात हे सामान नगण्य खर्चात मिळते. बोल्ट अति आवळू नयेत. विशेषतः ॲक्रिलिकची काच भोकाजवळ तडकते. पॉलिकार्बोनेटची काच सहसा तडकत नाही, पण पेट्रोल किंवा थिनर लागल्यास खराब होते, म्हणून ती सौम्य साबणाच्या पाण्यानेच धुवावी. एवढे करूनही कसर राहिली, तर वरच्या कडेवर चिमट्याने बसणारी छोटी जोडकाच लावावी. ती मूळ काचेपासून थोडी सुटी राहते आणि मधल्या फटीतून जाणारी हवा वरचा प्रवाह सावरते. तिचा कोन बदलून पाहणे हेच तिचे खरे काम आहे.

हवा खालून येत असेल तर काच बदलून काही साधत नाही. शॉकअपच्या मधला आणि बाजूचा भाग सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पत्र्याच्या) तुकड्यांनी तात्पुरता झाकून पाहावा. फरक पडला तरच कायमचे डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणाऱ्या पट्ट्या, घ्याव्यात. तुकडा रेडिएटरची किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांची हवा अडवत नाही आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर कोठे अडकत नाही, हे गाडी उभी असतानाच तपासावे. हँडगार्ड हातांचा वारा अडवतात, क्वचित तोच वारा खांद्यांकडे वळवतात.

हेल्मेटचा वाटा काचेइतकाच असतो. सैल हेल्मेट प्रत्येक भोवऱ्याबरोबर वेगळे हलते. गाल दाबून धरणारे, हलवल्यावर कातडीसकट हलणारे माप योग्य. ऑफरोड हेल्मेटची कपाळावरून पुढे आलेली, टोपीच्या कडेसारखी झडप उन्हात उपयोगी असली तरी महामार्गावर ती वारा पकडते, म्हणून लांबच्या प्रवासाआधी शक्य असल्यास काढून ठेवावी. आवाज हा स्वतंत्र त्रास आहे. हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज महामार्गावरच्या वेगाला कानाला इजा करण्याइतका असतो आणि चांगल्या हेल्मेटनेही तो पुरता जात नाही. फोमचे इअरप्लग त्यावर उत्तम उपाय आहेत. त्यांतून हॉर्न ऐकू येतो, कमी होतो तो सततचा गोंगाट. थकवा कमी जाणवतो, हा लाभ काचेच्या कोणत्याही बदलापेक्षा स्वस्त पडतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात: फडफडणारे जॅकेट खांद्यांना झटके देते, तेव्हा बाह्यांचे आणि कमरेचे पट्टे आवळावेत आणि गळ्याभोवती बफ (नळीसारखे ताणले जाणारे कापड) घालावा. रेनकोट मापापेक्षा फार मोठा घेऊ नये. बसताना टाकी गुडघ्यांनी धरून कोपर सैल सोडावेत, कारण हँडल घट्ट धरले की खांद्यांना बसलेला प्रत्येक झटका हँडलमध्ये उतरतो आणि गाडीच डोलू लागते. पाठीवरच्या मोठ्या सॅकऐवजी सामान सीटवर, शक्य तितके खाली आणि पुढे बांधावे.

काही भोवरे गाडीचे नसून रस्त्यावरचे असतात. ट्रकच्या मागे हवा लांबवर फाटलेली असते, म्हणून तेथे रेंगाळू नये. अंतर ठेवावे, आणि ओलांडायचे ठरल्यावर बाजूला पुरेशी जागा सोडून विनाविलंब पुढे जावे. ट्रकच्या तोंडाशी पोहोचताच त्याने ढकललेली हवा बाजूने धक्का देते. तो येणार हे ठाऊक असले की हात आपसूक आवळले जात नाहीत. आडवा वारा मात्र काचेने अडत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नव्हेत. पावसाळ्यात तेथे पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि उंच, रुंद काच त्या वेळी शिडाचे काम करते. अशा मार्गावर वेग उतरवावा, लेनच्या मध्यापासून किंचित, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला राहावे आणि काच दोन उंचींची असेल, तर घाट चढण्यापूर्वीच ती खालच्या भोकांत बसवून घ्यावी.