जुना वाडा घेतलाय? आधी पाणी बघा

मी बिल्डर माणूस. बेळगावात टिळकवाडीत माझ्या अपार्टमेंट उभ्या आहेत, त्यांतली एक तर वाडा पाडूनच बांधली. "पाडणाऱ्यानं जपायचं शिकवू नये," असं आमची आत्या म्हणते. तिचं खोटं नाही. पण नंतर शहापुरात तीन वाडे पडू न देता उभे केले. पैसा होता म्हणून चुका परवडल्या. तुम्हाला परवडायच्या नाहीत, म्हणून लिहितोय.

विसार देण्याआधी उतारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. एक चुलत भाऊ गोव्यात, एक बहीण कोल्हापुरात, असंच असतंय. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कौलालासुद्धा हात लावू नका.

लोक बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीकडे, त्या जुन्या जैन मंदिराकडे बोट दाखवतात, १२०४ सालची आहे म्हणून. ती घडीव दगडाची, तिचं सोडा. आपले वाडे जांभा, माती आणि सागवानाचे. त्यांना ऊन चालतं, साचलेलं पाणी चालत नाही.

म्हणून पहिलं काम गटारीचं. दरवेळी डांबर पडून रस्ता वर आलाय आणि जोतं खाली गेलंय. भिंतीला ओल खालून चढते. कडेनं चर खणून पाणी वाटेला लावा, मगच गवंडी बोलवा.

दुसरं छप्पर. दिवाळी झाली की कौलं उतरवा, मृगाआधी परत चढवा. उतरवताना प्रत्येक वाशावर आणि तुळईवर रंगानं नंबर घाला. मी पहिल्या वाड्यात घातले नाहीत, आणि सुतारमामा दोन आठवडे मला शिव्या देत लाकडं जुळवत बसले. वाळवी बहुतेक भिंतीत गेलेल्या टोकाला असते. तेवढंच टोक कापून जुन्याच सागवानाचा जोड द्या, आख्खी तुळई बदलू नका. फुटक्या कौलांसाठी खानापूरकडं चौकशी करा, आणि पडलेल्या घरांची जुनी कौलं मिळाली तर सोडू नका.

आता चुना. माझी सगळ्यात महागडी चूक इथंच झाली. पहिल्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केला, काय चकाचक दिसला! दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले आणि आतला जांभा भुसभुशीत झालेला. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. सगळा गिलावा खरवडून काढला.

कळीचा, म्हणजे न विरलेला चुना आणा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो, डोळा जाईल. विरलेला चुना महिनाभर पाण्याखाली ठेवा. मग एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी घालतात, मीही घालतो. थर पातळ द्या आणि ओली गोणपाटं लावून आठवडाभर तरी उन्हापासून जपा. घाई केली की तडे जातात. वर ऑइलपेंट मारू नका, चुन्याचीच सफेदी द्या.

पहिला मोठा पाऊस लागला की एक रात्र वाड्यातच झोपा. बॅटरी आणि खडू उशाशी ठेवा. जिथं थेंब पडेल तिथं फरशीवर फुली मारा. सकाळी त्या फुल्यांच्या वरची कौलं सरकवून घ्या. गळती मात्र फुलीच्या नेमकी वर नसते, वाशावरून वाहत येते, तेव्हा चढावाच्या बाजूला शोधा.