दगडाने ठोकून तांब्याची सुरी कशी करावी

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचं गाव आहे. १८७० साली तिथे जमिनीतून तांब्याची ४२४ अवजारं आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. लोखंड हाताशी येण्याआधीची ही कारागिरी. त्यातली एक लहानशी गोष्ट, म्हणजे तांब्याची सुरी, आजही घरच्या अंगणात करता येते. त्यासाठी दगड, कोळसा आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

हात लावण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. लोहाराच्या भात्यापुढे बसून वखराची पास आणि विळे होताना आपण पाहिलेत. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की पोलादी धार कडक होते. तांब्याचं नेमकं उलटं. लाल करून पाण्यात टाकलं की ते मऊ पडतं आणि थंड असताना ठोकलं की कडक होतं. सुरीचं सगळं काम या एका स्वभावावर चालतं.

तांबं अर्थिंगच्या पट्टीचं घ्या. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टीचा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरचा तुकडा दुकानातूनच कापून आणा. वजन साधारण १३५ ग्रॅम भरेल. भंगारातली जळकी वायर घेऊ नका. वरचं प्लास्टिक जाळताना निघणारा धूर विषारी असतो, आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली की शेतकऱ्याचं ओलीत कसं अडतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पितळही नको, ते पिवळसर दिसतं आणि ठोकताना वेगळंच वागतं. तांबं वितळवून साच्यात ओतायची वाट नवख्याने धरू नये. त्याला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, आणि साच्यात थोडी जरी ओल राहिली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो.

ऐरण म्हणून सपाट काळा दगड जमिनीत अर्धा पुरून घ्या. हातोड्यासाठी नाल्यातले दोन गुळगुळीत गोटे निवडा: एक मुठीत मावेल असा जड, दुसरा लिंबाएवढा. दोन्ही एकमेकांवर आपटून ऐका. आवाज खणखणीत आला तर दगड चांगला. बद्द आला तर आत चीर आहे. नाल्यातले दगड चुलीभोवती मात्र मांडू नका, आत ओल असली तर तापून फुटतात. वीतभर खोल खड्डा खणून त्यात बाभळीचा कोळसा पेटवा आणि बांबूच्या फुंकणीने वारा द्या. जवळ पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा ढीग नसावा. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

दिवस कलला की कामाला बसा, कारण भर उन्हात तापलेल्या तांब्याचा रंग दिसत नाही. पट्टी निखाऱ्यात ठेवा. सावलीत जेमतेम दिसेल इतकी मंद लाल झाली की ओला बांबू चिरून केलेल्या चिमट्याने उचला आणि पाण्यात सोडा. काळी खपली बरीचशी तिथेच सुटते. उरलेली चिंच-मिठाने घासा, घरचा तांब्याचा हंडा घासतो तशीच.

आता ठोका. जोर कमी, घाव नेमके आणि एकाशेजारी एक. सुरुवातीला दगड तांब्यात रुततो आणि आवाज दबका येतो. हळूहळू आवाज चढतो, घाव उसळी मारायला लागतो. तिथेच थांबा आणि पुन्हा विस्तवात घाला. माझं पहिलं पातं इथेच गेलं. दोन घाव अजून, दोन घाव अजून करत राहिलो आणि कडेला केसासारखी चीर पडली. अशी चीर दिसताच ती पूर्ण जाईपर्यंत कड घासून काढा, नाहीतर पुढच्या घावाला ती आत सरकते. तापवणं आणि ठोकणं असं पाच-सहा वेळा तरी होईल.

धारेची बाजू पातळ होताना लांबते, पाठ मात्र तेवढीच राहते. त्यामुळे पातं पाठीकडे वळायला लागतं. म्हणून पट्टी मऊ असतानाच धारेकडे थोडी वाकवून घ्या, विळ्यासारखी. ठोकता ठोकता ती सरळ येते. मुठीत बसवायचा सात सेंटिमीटरचा भाग निमुळता करा. मग पाणी घालत वाळूच्या दगडावर घासून आकार नीट करा.

शेवटची पायरी घाईत उरकू नका. पातं एकदा शेवटचं तापवून थंड करा आणि त्यानंतर विस्तव विझवा. लहान गोट्याने फक्त धारेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी हलके हलके ठोका. मागचं पातं चिवट राहतं, धार तेवढी कडक होते. मग बारीक दगडावर पाजवा. लोखंडी सुरीपेक्षा धार थोडी जाड ठेवा, फार पातळ केली तर मुडपते.

मूठ बाभळीची. लाख वितळवून त्यात विटेची बारीक भुकटी मिसळा, मुठीला पाडलेल्या भोकात भरा, गरम असतानाच पात्याचा निमुळता भाग रोवा आणि वरून अंबाडीच्या वाखाची दोरी घट्ट गुंडाळा.

ही सुरी सुतळी, दोडका, वांगं व्यवस्थित कापते. लिंबू, कैरी, चिंच हिच्याने कापू नका, आंबटाने तांबं अन्नात उतरतं. काम झालं की पुसून ठेवा. धार बोथट झाली तर लगेच घासू नका. आधी धार पुन्हा हलकेच ठोका, मग दगडावर दोन-चार हात फिरवा. असं बरेचदा केल्यावर कडेला बारीक चिरा दिसायला लागल्या तर त्या घासून काढा, मूठ उतरवा, पातं पुन्हा मंद लाल करा आणि धारेचं काम नव्याने करा.