हॅवलॉकला जाताना: विमान, बोट आणि लवकर मावळणारा सूर्य

अंदमानला जायचे ठरले की बहुतेक घरांत आधी विमानाचे तिकीट काढले जाते, मग हॉटेल ठरते आणि बोटीचे तिथे गेल्यावर बघू, असे म्हटले जाते. हॅवलॉकच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा ठेवावा. बेटावर प्रवासी विमानतळ नाही, पोर्ट ब्लेअरपासून साधारण 40 किलोमीटर समुद्र ओलांडूनच तिथे पोहोचावे लागते आणि बोटी दिवसाउजेडी, ठरावीक वेळांनाच सुटतात. म्हणून आधी बोटींच्या वेळा पाहाव्यात आणि त्यांना जुळेल असे विमान निवडावे. शोधताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. डिसेंबर 2018 पासून हॅवलॉकचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले आहे. बोलण्यात मात्र जुनी नावेच अधिक आहेत, त्यामुळे वेळापत्रक दोन्ही नावांनी शोधलेले बरे.

मुंबई-पुण्याहून सोयीचे थेट विमान नसेल तर चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जाता येते. चेन्नईहून पुढचा प्रवास दोन-सव्वादोन तासांचा आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही जातात, पण त्यांना तीन-चार दिवस लागतात आणि ती रोज नसतात, त्यामुळे मोजक्या सुट्टीत त्यांचा विचार करू नये. मुंबईहून रात्री निघून पहाटेचे जोडविमान घेतल्यास सकाळीच पोर्ट ब्लेअरला उतरता येते आणि त्याच दिवशी दुपारची बोट गाठता येते. विमान उतरणे आणि बोट सुटणे यांत किमान तीन तास ठेवावेत. विमानतळ ते धक्का हे अंतर थोडे असले तरी सामान यायला वेळ लागतो, विमानाला उशीर होतो आणि बोटीसाठी तासभर आधी हजर राहावे लागते. विमान दुपारी उतरणार असेल तर धावपळ न करता ती रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी.

मक्रुझ, नॉटिका यांसारख्या खाजगी वातानुकूलित बोटी हॅवलॉकला साधारण दीड तासात पोहोचवतात. त्यांची तिकिटे ऑनलाइन मिळतात, पण दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत ती फार आधी संपतात. सरकारी बोट बरीच स्वस्त असून तिला अडीच तासांच्या आसपास लागतात. मात्र बेटांवरच्या रहिवाशांचे रोजचे येणे-जाणे तिच्यावरच अवलंबून असल्याने पर्यटकाने तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. भारतीय नागरिकांना हॅवलॉकसाठी वेगळा परवाना लागत नाही, तरी ओळखपत्राशिवाय बोटीत चढता येत नाही.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते, आणि बंद वातानुकूलित बोटीत तर ती अधिक जाणवते. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी बोट हलू लागल्यावर उपयोगी पडत नाही, ती सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. तिकीट काढताना मधल्या किंवा मागच्या भागातली खालच्या मजल्यावरची जागा निवडावी, कारण पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त बसतात. प्रवासात मोबाइलकडे न पाहता खिडकीतून दूर क्षितिजाकडे नजर ठेवावी. वयस्कर माणसे सोबत असतील तर धक्क्यावरून बोटीत उतरताना फळी हलते, हे लक्षात घेऊन त्यांच्या हातात कोणतेही सामान देऊ नये.

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोहोचतो, म्हणजे कोकणात तो येण्याच्या जवळजवळ पंधरवडा आधी, आणि पुढे परतीच्या मोसमाचा पाऊसही नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच हॅवलॉक सोडावे. सकाळी बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत कागदावर सुटसुटीत दिसतो, पण मला तो शुद्ध जुगार वाटतो.

बेटावर पोहोचल्यावर पहिली सवय बदलावी लागते ती झोपेची. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असते, पण हे बेट मुंबईच्या जवळजवळ 20 रेखांश पूर्वेला आहे, म्हणून सूर्य तिथे सुमारे 80 मिनिटे आधी धावतो. डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. नऊ वाजता निवांत न्याहारी करून बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस तिथेच वाया जातो. पाचला उठावे, पूर्वेकडच्या काळापत्थर किंवा विजयनगरच्या किनाऱ्यावर सूर्योदय पाहावा, पाण्यातले सगळे उद्योग दुपारपूर्वी उरकावेत आणि साडेतीनलाच राधानगरची वाट धरावी.

पश्चिमेकडचा राधानगर किनारा धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. ‘टाइम’ मासिकाने 2004 मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले, आणि पांढरी वाळू व मागचे उंच झाडांचे रान पाहिल्यावर त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. पोहण्यासाठी हाच किनारा चांगला, कारण पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी दूर जाते आणि खाली धारदार खडक व प्रवाळ उघडे पडतात. पोहावे ते जीवरक्षकांच्या टप्प्यातच. जवळच्या नील्स कोव्ह भागात 2010 मध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका अमेरिकन पर्यटक महिलेचा जीव घेतला होता, त्यामुळे मगरींच्या सूचनेचे फलक शोभेसाठी आहेत असे समजू नये. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माशा चावतात आणि त्याची खाज आठवडाभर जात नाही, म्हणून वाळूत थेट लोळण्याऐवजी जाडसर चादर अंथरावी.

फिरण्यासाठी भाड्याची स्कूटर सर्वांत सोयीची. परवाना आणि हेल्मेट मात्र हवेच. स्कूटर नको असेल तर रिक्षा मिळतात, आणि धक्क्यापासून राधानगरपर्यंत सरकारी बसही आहे. एटीएम मोजकीच असल्याने दोन दिवस पुरेल इतकी रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढावी. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, तरीही तिथे बसून कार्यालयाची बैठक घेण्याचा बेत करू नये.

प्रवाळ पाहायला एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे, पुरेसे आहे, आणि त्यासाठी धक्क्यावरून बोटी सुटतात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकासोबत स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून मारायची, पहिली बुडी मारता येते, मात्र दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असल्यास तो लपवू नये. स्कूबा आणि परतीचे विमान यांत किमान 18 तास, शक्य तर पूर्ण दिवस जाऊ द्यावा. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबामुळे बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो आणि ते धोक्याचे असते. त्यामुळे स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकावे. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नये, कारण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

परतीच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला आल्यावर मराठी माणसाची पावले सेल्युलर जेलकडे वळणारच, कारण सावरकर 1911 ते 1921 या काळात तिथे कैदेत होते. हे तुरुंग-स्मारक कोणत्या दिवशी बंद असते, हे परतीची तारीख ठरवतानाच पाहून घ्यावे.