वाट सोडून हिंडायचंय? आधी नकाशातला पिवळा रंग बघा

माझे बाबा जुन्नरचे शेतकरी. परक्याच्या बांधावर पाय ठेवायचा तर आधी हाक मारून विचारणारे. इकडे शेफील्डला आले की डोंगरावर दर वेळी त्यांचा एकच प्रश्न, "कुणी हाकलणार नाही ना?" इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांनाही तीच धास्ती असते, म्हणून हे लिहितेय.

'ओएस' म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था. तिच्या 'ओएस एक्सप्लोरर' मालिकेतला १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. शेफील्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातलं एडेल गाव, किंडर स्काउट डोंगर या भागासाठी 'ओएल१' क्रमांकाचा. त्यात फिकट पिवळा रंग आणि कडेला नारिंगी पट्टी दिसली की ती खुली जमीन: माळ, डोंगर, नोंदणी झालेली सामायिक कुरणं. मालक खासगी असला तरी तिथे पायी कुठेही फिरा. हा हक्क २००० च्या कायद्याने दिला आणि पीक डिस्ट्रिक्टमध्ये तो सप्टेंबर २००४ पासून लागू झाला. तो असा सहज मिळालेला नाही. १९३२ साली मँचेस्टर-शेफील्डची कामगार पोरं मनाई मोडून किंडरवर चढली, त्यातले पाच जण तुरुंगात गेले.

बाकीच्या पांढऱ्या भागात मात्र हिरव्या तुटक रेघेवरूनच चालायचं. प्रत्यक्षात तिथे खांबावर पिवळा बाण असतो. पायवाट उभ्या पिकातून गेली असेल तरी बिनधास्त जा, फक्त एकामागे एक.

फाटकावर तपकिरी गोलात चालणारा माणूस दिसला की खुली जमीन सुरू. त्याच माणसावर तिरकी काट असेल तर हद्द संपली.

हा हक्क फक्त पायी चालणाऱ्याचा. सायकल, तंबू, तळ्यात डुंबणं यात येत नाही. शेकोटी तर नाहीच. खालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, उन्हाळ्यात पेटलं की आतल्या आत धुमसत राहतं. पावसाळी दिवसांत तेच पीट चिखलणी केलेल्या खाचरासारखं पाय ओढतं, तेव्हा उंच बूट घाला. स्पोर्ट्स शूज घालून येणाऱ्यांना मी आता सोबत नेत नाही.

कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै दोन मीटरच्या आत दोरीला बांधलेला हवा, कारण पक्षी जमिनीवरच घरटी करतात. मेंढ्यांजवळ बारा महिने तोच नियम.

निघण्यापूर्वी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग-संस्थेच्या संकेतस्थळावर बंदी आहे का बघा. मालकाला वर्षातले २८ दिवसांपर्यंत जमीन बंद ठेवता येते. तेव्हाही हिरव्या रेघांच्या वाटा सहसा चालूच असतात.

स्कॉटलंडला जाणार असाल तर यातलं बरंच विसरा. तिथला २००३ चा कायदा वेगळा आणि कितीतरी मोकळा आहे, सायकलही चालते.